पट ९ वर आला, समायोजनाच्या ठरावावर सही करू का?

नाल्याअलीकडची (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार जी.

मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे फार काही समजू नका. सभेला पाच बाया आल्या होत्या, त्यात बारावी झालेली मी एकटी होती, म्हणून माझं नाव टाकलं. गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, नाव लिहीत नाही.

शाळा पहिली ते चौथी. या वर्षी पट ९. पाच पोरं गावातली, चार पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. दोन शिक्षक मंजूर आहेत, त्यातले एक दिवाळीपासून दुसऱ्या गावी कामगिरीवर. राहिले एक सर. माणूस चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण सकाळचा अर्धा वेळ त्यांचा मोबाईलातच जाते. हा फोटो टाक, ती माहिती भर, खिचडीचे तांदूळ किती शिजले ते लिही. केंद्राची मीटिंग असली की खिचडीवाली काकू पोरं सांभाळते. अडीच हजार मानधनात स्वयंपाक, भांडी आणि वरून शाळा!

मागच्या बुधवारी केंद्रप्रमुख साहेब टाईप केलेला कागद घेऊन आले. मजकूर असा, की पटसंख्या कमी असल्याने आमच्या शाळेतल्या मुलांचं समायोजन नाल्यापलीकडच्या शाळेत करायला समितीची हरकत नाही. खाली माझ्या सहीची जागा. पलीकडची शाळा सातवीपर्यंत, सहा शिक्षक, मैदान, संगणक. रस्त्यानं साडेतीन किलोमीटर. "ताई, तुमच्याच पोरीचं भलं होईन, आठ दिवसांत सही करून ठेवा," म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

आता अडचण अशी की साहेब खोटं बोलत नाहीत. माझी पोरगी तिसरीत आहे, अजून हातच्याची वजाबाकी चुकते. तिसरीत ती आणि एक पोरगा, दोघंच. वेचणीच्या टायमाला त्या पोराचे मायबाप त्याला वावरात नेतात, तेव्हा माझी पोरगी एकटीच तिसरी. परवा मला म्हणे, "आई, मी पहिला नंबर आली." मी विचारलं, कितीतून? तर म्हणे, एकातून.

दुसरी बाजू म्हणजे नाला. त्याच्यावर रपटा आहे, पूल नाही. पाऊस दोन तास लागला की रपट्यावरून पाणी. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे शाळा उघडतेच जूनच्या शेवटाला, म्हणजे पहिल्या घंटेपासूनच पावसाळा. आणि हा भाग वाघाचा. २०१८ मध्ये अवनी वाघिणीला मारलं त्याच्या आधीचे दोन वर्ष आम्ही काय काढले ते आम्हालाच माहीत. दिवस बुडायच्या आत माणसं वावरातून घरी. तेव्हा शाळा गावात होती म्हणून पोरं शाळेत तरी गेली. साडेतीन किलोमीटर पायी कोणी पाठवली असती काय?

पोडावरच्यांचं तर विचारूच नका. पोड गावाच्या वरच्या अंगाला सव्वा किलोमीटर. त्यांना होईन पावणेपाच. पहिलीतली पोरगी आहे एक, दप्तर तिच्या गुडघ्याला लागते. ती जाईन? ती घरीच राहीन, आणि कागदावर मात्र तिचं समायोजन झालेलं राहीन.

अजून एक गोष्ट, ही लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. माझा मोठा पोरगा सहावीत आहे, तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये. पहिलीपासून. रोज सकाळी पिवळी व्हॅन येते, महिन्याचे नऊशे रुपये. गावातली पहिली ते चौथीचीच अकरा पोरं त्या व्हॅनमध्ये जातात. ती अकरा इथं असती तर पट २० झाला असता आणि साहेब कागद घेऊन आलेच नसते. म्हणजे शाळा बंद पाडायला मी आधीच हात लावून बसली, आता सहीपुरती उरली. पोरीला इथं ठेवली त्याचं कारणही काही थोर नाही, दोघांची व्हॅन परवडत नव्हती.

तर ज्यांच्या गावात हे झालं त्यांनी सांगा. सही केली तर पुढं काय होते? नाही केली तर काय होते?


कापूसकोंड्या (अकोला)

सही करा ताई. शाळेची खोली मोकळी झाली की सोयाबीनचे कट्टे ठेवायला कामी येते. आमच्याकडे तेच चालू आहे.


दोनशिक्षकी (वर्धा)

मी जिल्हा परिषद शिक्षिका आहे, त्यामुळे इथे शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. मला वाटतं, सोय होत असेल तर मुलं मोठ्या शाळेत जावीत.

माझ्या आधीच्या शाळेत पट १२ होता. चार वर्ग, बारा मुलं, दोन शिक्षक. लोक म्हणतात, बारा पोरं म्हणजे शिकवणी लावल्यासारखंच की! तसं नसतं हो. पहिलीच्या दोघांना अक्षरं गिरवायला द्यायची, तोवर चौथीच्या तिघांचा भागाकार, तोवर दुसरीतला रडायला लागतो. आणि बारा मुलांची शाळा असली म्हणून टपाल बारा मुलांपुरतं येत नाही. तीनशेच्या शाळेला जेवढ्या माहित्या, तेवढ्याच आम्हालाही, आणि तिथे त्या भरायला दहा जण असतात.

पण मला खरी खंत वेगळीच होती. मुलांना भांडायला कोणी नव्हतं. लंगडीला दोन बाजू होत नव्हत्या. चौथीतली एक मुलगी चार वर्षं वर्गात एकटी मुलगी. ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली आणि पहिले तीन महिने एक शब्द बोलली नाही, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. ताई, तुमच्या "एकातून पहिला नंबर" वर मी हसले आणि मग नाही हसले.

तरी कागदावर अशी कोरी सही करू नका. आधी त्या सहा शिक्षकांच्या शाळेत स्वतः जा. सहावी-सातवी मिळून मुलं किती ते विचारा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) जीआरप्रमाणे त्या वर्गांना २० पेक्षा कमी मुलं असली तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. तिथला पट घसरत असेल तर आज सहा दिसणारे शिक्षक पुढच्या वर्षी चार होतील. कधी कधी मोठ्या शाळेलाच लहान शाळेची पोरं हवी असतात, स्वतःची पदं वाचवायला. मुख्याध्यापक म्हणून मीही तेच केलं असतं, म्हणून सांगते.


धानपट्टा (भंडारा)

ताई, आमच्या गावची शाळा बंद झाली तेव्हा माझी लहान बहीण दुसरीत होती. पट ७. आमच्या समितीनं सही केली होती. अध्यक्ष माझे काकाजीच होते, म्हणून सगळं जवळून पाहिलं.

पहिलं वर्ष भारी गेलं. ऑटो लागला, पोरं नवीन ड्रेस घालून निघाली, पेढे वाटले. ऑटोवाल्याचे पैसे पालकांनी द्यायचे आणि सरकारकडून वाहतूक भत्ता खात्यात येणार, असं ठरलं. तेव्हाचा भत्ता आताच्या सहाशेपेक्षा कमी होता. पैसे आले मार्चमध्ये, ते पण दोघाजणांचे खातेच लिंक नव्हते. मजुराच्या घरी जुलै ते मार्च कोण उधार थांबते जी? दिवाळीनंतर ऑटोत चार पोरं उरली. चार पोरांसाठी ऑटोवाल्याला परवडेना, दुसऱ्या वर्षी तो रोवणीच्या बाया न्यायला लागला.

मग बहिणीला मी सायकलवर नेत होतो, माझं कॉलेज करून. ज्या दिवशी मी नाही त्या दिवशी तिची शाळा नाही. तिसरी आणि चौथी अशीच गेली.

लोक म्हणतात एसटी फुकट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा पास पाचवीपासून आहे. मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बस आठवीपासून. पहिली ते चौथीच्या लेकराला काय? अर्धं तिकीट. आणि बस सकाळी सहाला आणि दुपारी एकला. जे लेकरू सगळ्यात लहान त्यालाच गाडी नाही, हे मला आजपर्यंत समजलं नाही.

बहीण आता अकरावीला आहे, हुशार निघाली. पण तिच्या सोबतच्या सात जणांतले दोघं सातवीच्या पुढं गेले नाहीत. ते शाळा बंद झाल्यामुळेच असं मी म्हणणार नाही, घरचे पण कारणं होते. काकाजी मात्र अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत.


निवृत्त मास्तर (अमरावती)

चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली नऊ एकशिक्षकी शाळेत. अध्यक्षबाई, आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या सहीनं शाळा बंद होत नाही, आणि सही नसली म्हणून ती वाचतेच असंही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ मध्ये समितीची कामं दिली आहेत: शाळेवर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. शाळा बंद करण्याचं काम त्यात कुठंच नाही. मग सही कशाला हवी? उद्या कुणी विचारलं तर "पालकांचीच मागणी होती" असं दाखवायला. ती सही फाईलचं कवच आहे.

राज्याचे २०११ चे नियम पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमची पोरं पहिली ते चौथीची आणि अंतर साडेतीन. हे कागदावर मांडा. समोरून उत्तर येईल की त्याच नियमात २० मुलांची अट आहे. ती शाळा नव्यानं काढण्यासाठीची अट आहे, तेव्हा दबू नका. आणि जवळ शाळा देता येत नसेल तिथं मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करणं ही शासनाची जबाबदारी आहे, भत्ता देऊन मोकळं होणं नव्हे. धानपट्टा यांनी लिहिलंय ते वाचा परत.

हे सगळं नवीन नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करायची यादी निघाली होती. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करायचं पत्र निघालं, त्यात पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचे दाखले होते. त्या वेळी राज्यात वीसच्या आतल्या १४,७८३ शाळा मोजल्या होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. भागाकार करून पाहा, शाळेमागं साडेबारा मुलं. आमच्या मेळघाटात अशी शाळा बंद केली तर पुढची शाळा टेकडीपलीकडं असते. पुण्याच्या टेबलावरच्या नकाशावर टेकडी दिसत नाही.

दोनशिक्षकी मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं, लंगडीचंही पटतं. पण त्यावर उपाय साठ वर्षांपूर्वी सांगून झाला आहे. कोठारी आयोगानं (१९६४-६६) शाळा संकुल सांगितलं, २०२० च्या धोरणातही तोच शब्द आहे. मोठ्या शाळेनं आजूबाजूच्या लहान शाळांना धरून चालावं, शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं साहित्य वाटून घ्यावं, अशी कल्पना. आठवड्यातून एक दिवस तुमची नऊ पोरं गाडीनं तिकडं न्या, लंगडी, संगणक, सगळं तिथं. उरलेले दिवस शाळा गावात. संकुल करायचं म्हणून लहान शाळाच मिटवून टाकायची, हा अर्थ आपल्या लोकांनी काढला.


दोनशिक्षकी (वर्धा)

सर, आदर ठेवून विचारते, आठवड्यातून एक दिवस गाडी कोण देणार? जी गाडी रोजची मिळत नाही ती शनिवारची मिळेल?


निवृत्त मास्तर (अमरावती)

खरं आहे. मी एका शाळेत लोकवर्गणीतून केलं होतं. दोन वर्षं चाललं. मग माझी बदली झाली.


कापूसकोंड्या (अकोला)

बदली झाली म्हणा की गोष्ट संपली म्हणा, कापूसकोंड्याचीच.


नाल्याअलीकडची (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, डवरणी आणि खत एकदमच आलं होतं.

मॅडमनी सांगितलं तसं पलीकडच्या शाळेत जाऊन आली. जाताना पोरीला सोबत नेली, पायी. मुद्दाम. आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. तिनं तीनदा विचारलं, अजून किती? शाळा खरंच चांगली आहे, बोलक्या भिंती, पाण्याची टाकी. सहावी-सातवी मिळून मुलं २३. चार गेली की विसाच्या खाली. मुख्याध्यापक सरांनी आम्हाला खुर्ची दिली, पोरीला पेन दिला आणि विचारलं, "कधीपासून पाठवता?" मॅडम, तुमची आठवण आली.

पोरगी मात्र तिथं खो-खो बघत उभी राहिली ती हलेचना. परत येताना बोलली नाही. मी काय समजू त्यातून?

शनिवारी सभा घेतली. या वेळी पोडावर मी स्वतः सांगायला गेली, त्यामुळे तिथून दोघं बाप आणि एक आजी आली. साहेब आले होते. मास्तरांनी सांगितलेलं १ किलोमीटरचं मी वहीत लिहून नेलं होतं, वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "ताई, नियम मलाही माहीत आहेत, पण वरून यादी मागितली आहे, मी पाठवली नाही तर मलाच नोटीस येते." त्यांच्यावरही राग काढून काय उपयोग? ते पण आपलं पोरगं कॉन्व्हेंटला सोडूनच आले असतीन.

मग पोडावरचे एक भाऊ उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत. मराठी बोलताना अडखळतात, घरी कोलामीच चालते. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी पोडापर्यंत येईन का?" साहेब म्हणाले, गाडीचं अजून ठरलं नाही, बहुतेक मेन रोडपर्यंत. भाऊ म्हणाले, "मेन रोडपर्यंत तं आम्ही शाळेच्या पुढूनच जातो." आणि खाली बसले. कोणी हसलं नाही.

ठराव असा लिहिला, की पोडापासून शाळेच्या दारापर्यंत रोजची गाडी आणि नाल्यावर पूल झाल्याशिवाय समायोजनाला समितीची संमती नाही. साहेब म्हणाले, अटीचा ठराव चालत नाही, हो लिहा नाही तर नाही लिहा. मग सभेला आलेल्या आजीनं (ती समितीत नाही, पण बोलली) सांगितलं, "लिही वं मग नाही." मी "नाही" असं लिहिलं. त्याच्या खाली अटी पण लिहिल्या. सहा सह्या, तीन अंगठे. एक प्रत मी ठेवली. दुसरे सर कामगिरीवरून परत द्या, असा वेगळा अर्ज गटशिक्षणाधिकारी साहेबांना केला.

सभा संपल्यावर माझे दीर म्हणाले, "वहिनी, भाषण चांगलं झालं, तुमची व्हॅन सोमवारी किती वाजता येते?" मी काहीच बोलली नाही. काय बोलू? पोराला परत आणायचं म्हटलं तर इथं चौथीच्या पुढं वर्ग नाही. पण माझ्या जावेचा लहाना पुढच्या वर्षी पहिलीत जाईन, कॉन्व्हेंटची फी भरायची बोलणी चालू आहेत. जाऊ म्हणते, "तुमच्या पोराले इंग्रजी येते, माया पोरानं काऊन इथं बसावं?" तिला उत्तर देणं साहेबांपेक्षा अवघड आहे.

आता मास्तरांना एक विचारायचं होतं. आमच्या शाळेचे सर सांगत होते, संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं मोजतात. पोडावरच्या चार जणांतल्या दोघांचं आधारच नाही, म्हणजे आमचा पट ९ नाही, ७ धरला जाईन. मी मंगळवारी दोघांच्या मायांना घेऊन पांढरकवड्याला जाणार आहे. पण त्या दोन्ही पोरांचा जन्म पोडावर घरीच झाला, दाखला कोणाकडेच नाही. अंगणवाडीताईच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे म्हणते. ती नोंद चालते का, की आधी ग्रामपंचायतीतून काही काढावं लागते? कोणाला माहीत असेल तर मंगळवारच्या आधी सांगा, दोघींची रोजी बुडणार आहे, फेरी वाया जायला नको.